अनुभव : शून्य

परवा रात्री एका जुन्या सहकारी बाईंचा बायोडेटा व्हॉट्सॲपवर आला. वय ३९, गणिताच्या शिक्षिका. पायथनचा कोर्स झालाय, आता आयटीत यायचंय. चौदा वर्षांचं शिकवणं मात्र शेवटच्या पानावर एका ओळीत कोंबलेलं. फोन करून म्हटलं, "हे काय करून ठेवलं बाप्पा?" तर म्हणे, "क्लासवाले सर म्हणाले, नॉन-आयटी अनुभव दाखवू नका."

मीही ज्युनियर कॉलेजात अकरा वर्षं गणित शिकवून मुलाखतीला गेले होते. समोरच्या साहेबांनी माझ्यादेखत अनुभवाच्या रकान्यात शून्य काढलं. छान गोल. सॉफ्टवेअर तपासणारी टेस्टर म्हणून लागले, पगार आधीपेक्षा कमी. आज नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात साठ जणांची टीम सांभाळते, आणि ती सांभाळते त्याच शून्याच्या जोरावर. मीटिंगमध्ये "हो मॅडम, समजलं" म्हणत जो सगळ्यात जोरात मान हलवतो, त्यालाच काही कळलेलं नसतं. हे मला कोणत्या सर्टिफिकेटने शिकवलं? बारावी 'ब'च्या मागच्या बाकांनी!

असंच शिकवणं सोडून संगणकाकडे वळलेल्या अमेरिकेच्या ग्रेस हॉपर १९३१ पासून व्हासार कॉलेजात गणित शिकवायच्या. सदतिशीच्या आसपास अमेरिकेच्या नौदलात गेल्या. वजन कमी भरलं, म्हणून खास सूट घ्यावी लागली. १९४४ मध्ये हार्वर्डच्या मार्क वन या सुरुवातीच्या संगणकावर रुजू झाल्या, १९५२ मध्ये कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेल्या सूचना मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, केला. हिशेब बघणाऱ्या माणसाला चिन्हं झेपत नाहीत, त्याला शब्द द्या, हा त्यांचा हट्ट. त्यातून फ्लो-मॅटिक ही इंग्रजी शब्दांत लिहायची प्रोग्रामिंग भाषा आली आणि तिच्या पायावर कोबोल. समोरच्याला काय झेपत नाही हे आधी बघायचं, ही खोड मास्तरणीचीच.

पुढे अधिकाऱ्यांना नॅनोसेकंद समजावताना त्या सुमारे ३० सेंमीची तार हातात द्यायच्या : सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज फार तर एवढंच अंतर जाते. उपग्रहामार्फत निरोप जायला वेळ का लागतो? तर वाटेत अशा तारा किती बसतील ते मोजा.

मीही सीताबर्डीवरून तार आणून नव्या पोरांना तुकडे वाटले. एकाने त्या तारेने इअरफोन बांधून ठेवलेत. पण सर्व्हर दूर असला की उशीर का होतो, हे आता तोच बाकीच्यांना समजावून राहिला.

बाईंना सांगितलं, ती ओळ पहिल्या पानावर घ्या आणि उद्या परत पाठवा.