जरा ‘स्टेप अप’ करा!

‘यू नीड टू स्टेप अप’ हे वाक्य मुंबईतल्या ऑफिसात कानावर पडलं, की आधी आजूबाजूला बघावं. कुणाची तरी खुर्ची नुकतीच रिकामी झालेली असते. या जोडशब्दाला कर्म असलं (‘स्टेप अप प्रॉडक्शन’) की तो काहीतरी वाढवायला सांगतो. कर्म काढलं की माणसालाच पुढे व्हायला सांगतो. आमची साहेबमंडळी कर्म मुद्दाम गाळतात असा मला दाट संशय आहे. काय वाढवायचं ते बोललं, की पगाराचाही विषय निघतो ना!

कुणी फारच रंगात आलं तर ‘स्टेप अप टू द प्लेट’ म्हणतं. ही प्लेट बेसबॉलची, जमिनीत बसवलेली रबरी पाटी. बॅटर तिच्याशेजारी उभा राहतो. दादरच्या माणसाला बटाटेवडे आठवले तर दोष कुणाचा?

विजेच्या खात्यात हा शब्द सरळमार्गी आहे. स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या वेटोळ्याला पहिल्याच्या दसपट फेरे दिले, की व्होल्टेज दसपट होतं आणि करंट दहाव्या हिश्शावर येतो. फुकट काही मिळत नाही, उलट थोडी वीज उष्णतेत जाते. वीजकेंद्रं हे मुद्दाम करतात, कारण करंट निम्मा झाला की तारांमधला तोटा पाव होतो. ऑफिसातलं प्रकरण याच जातीचं : हुद्दा चढतो, झोप उतरते, गुणाकार तोच. म्हणून तीन गोष्टी मेलवरच विचाराव्यात. काम नेमकं कोणतं, कधीपर्यंत, आणि आधीचं कुणाकडे? तिसऱ्याला ‘बघू’ असं उत्तर आलं तर ते तुमच्याकडेच.

राहिली स्टेप-अप एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा भरायचा आणि दरवर्षी आपोआप वाढणारा हप्ता. महिना ५,००० रुपये, दरवर्षी १० टक्के वाढ : दुसऱ्या वर्षी ५,५००, तिसऱ्या वर्षी ६,०५०, दहाव्या वर्षी जवळपास ११,७९०. घोळ होतो तो बँकेच्या मँडेटमध्ये, म्हणजे खात्यातून हप्ता कापायला आपण दिलेल्या परवानगीत. त्याची कमाल मर्यादा ६,००० ठेवली असेल तर तिसऱ्या वर्षी हप्ता अडकतो, आणि बँकेने दंड लावला तर तोही आपल्याच खात्यातून जातो. मर्यादा आधीच शेवटच्या वर्षाच्या हिशेबाने टाकावी. आणि टक्के भरताना मागच्या पगारवाढीचं पत्र समोर ठेवावं. त्यात ४ असेल तर रकान्यातही ४ च लिहावेत. कौतुकाच्या परिच्छेदाचे टक्के धरत नाहीत.