वेलांटी कापणाऱ्या वेबसाइट्स आणि आपली करिअरं

आजकाल ओळखीतला कोणीही भेटला की एकच विषय, मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, फ्रंटएंड (वेबसाइटचा आपल्याला दिसणारा भाग) करायचंय, रिअॅक्ट शिकू की आणखी काही, एआय सगळं खाणार म्हणतात ते खरं का. मी एवढंच सांगतो की बाबा एक काम कर, एक पान मराठीत नीट बनवून दाखव. बहुतेकांना वाटतं काका मस्करी करतायत.

मस्करी नाहीये. ठाणे-बेलापूर रोडवर ऐरोलीपासून महापेपर्यंत जेवढे आयटी पार्क आहेत तिथे बसणाऱ्यांत घरी मराठी बोलणारी माणसं ढिगाने आहेत, संध्याकाळी ठाण्याच्या लोकलमध्ये ऐकू येतंच, आणि तरी आपल्याच लोकांनी बनवलेल्या साइटवर मराठी उघडलं की बटणावर ‘पुढे’च्या जागी ‘पढे’ दिसतं. का, तर बटणाची उंची इंग्रजी अक्षरं बघून ठरवली, लाइन हाइट म्हणजे ओळीची उंची अक्षराच्या १.२ पट ठेवली, वर ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेर जाईल ते लपवा) मारला आणि खालचा उकार गेला. इंग्रजी अक्षराच्या डोक्यावर फार काही नसतं हो, आपल्याकडे वेलांटी, रफार, अनुस्वार असं सगळं एकावर एक चढून बसतं आणि खाली उकार लोंबतो. १.५-१.६ दिलं की सुटतो प्रश्न, पण त्यासाठी कोणीतरी मराठी मजकूर टाकून बघायला तर पाहिजे! डिझाइन फायनल होतं लोरेम इप्सम या नुसत्या जागा भरायच्या लॅटिन मजकुरावर, आणि मराठी येतं रिलीजच्या आदल्या रात्री एक्सेल शीटमधून.

लेटर स्पेसिंगचं तर विचारूच नका. हल्ली हेडिंगची अक्षरं लांब लांब ठेवायची फॅशन आहे, इंग्रजीत छान दिसते, तीच स्टाइल मराठीला लागली की शिरोरेषेचे तुकडे. मग फॉन्टमध्ये बोल्ड नसेल तर ब्राउझर स्वतःच अक्षर जाड करतो आणि ‘क्ष’चं पोट भरून जातं. इटॅलिक पण तसंच, देवनागरीत ती परंपराच नाही, ब्राउझर नुसतं अक्षराला धक्का देऊन तिरकं करतो.

कोडमध्ये याहून भारी गमती आहेत. प्रोफाइल फोटो नसेल तर गोलात नावाचं पहिलं अक्षर दाखवतात ना, त्यासाठी सगळे चारॲट शून्य लिहितात, म्हणजे मजकुरातलं पहिलं चिन्ह उचल. आता नाव ज्ञानदा असेल तर गोलात ‘ज’ येतो, श्रीकांतचा ‘श’ होतो. जावास्क्रिप्टला ‘ज्ञानेश्वरी’ची लांबी विचारा, ती ११ सांगेल, कारण ती जोडाक्षराचे तुकडे आणि काना-मात्रा सगळं वेगळं मोजते, आपण चार अक्षरं मोजतो. म्हणजे फॉर्ममध्ये पूर्ण नावाला २० ची मर्यादा असेल तर मराठी माणसाचं आडनाव अर्ध्यात अडकू शकतं, आणि तेही फॉर्मने मराठी घेतलं तर, कारण बऱ्याच ठिकाणी ए टू झेड सोडून काही टाकलं की लाल अक्षरात एरर येते, जणू आपलं नावच चुकलंय. अक्षर अक्षर टाइप होत जाणारं ते ॲनिमेशन बघितलंय का? ‘स्वागत’ लिहिताना आधी ‘स’, मग पाय मोडका ‘स्’, मग कुठे ‘स्व’. यावर इंटल सेगमेंटर नावाची सोय ब्राउझरमध्येच आहे, नव्या ब्राउझरात जोडाक्षर अखंड मोजलं जातं, फुकट आहे. आकड्यांना एमआर-आयएन (मराठी, भारत) हे लोकेल म्हणजे भाषा-प्रदेशाची खूण दिली की १२,३४,५६७ असं लाखात स्वल्पविराम टाकून देवनागरी आकडे हातात येतात. किती फ्रंटएंडवाल्यांना माहितीय? मी विचारून बघितलंय म्हणून सांगतो, फार कमी.

आणि एक अगदी साधी गोष्ट, पानाच्या सुरुवातीला लँग मध्ये, म्हणजे पान कुठल्या भाषेतलं ते सांगणाऱ्या खुणेत, ‘एमआर’ (मराठी) लिहिणं. टेम्प्लेटमध्ये ‘ईएन’ (इंग्रजी) असतं ते तसंच राहतं, मग मराठी पान बघून ब्राउझर कधीकधी विचारतो भाषांतर करू का, आणि अंध माणसाचा स्क्रीन रीडर मराठी मजकूर भलत्याच उच्चारात वाचायला जातो. शिवाय मराठीचा देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ हिंदीपेक्षा वेगळे, २००९ च्या शासन निर्णयातसुद्धा ते आहेत, आणि फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असली तर त्या दोन अक्षरी ‘एमआर’ वरूनच ब्राउझरला कळतं कुठलं दाखवायचं. टायरो देवनागरीचे तर मराठी आणि हिंदी असे वेगवेगळे फॉन्टच गूगल फॉन्ट्सवर पडलेत. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरसाठी सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरवून दिलेल्या क्रमांकांच्या यादीत) वेगळं आलं २००८ ला, जुन्या फॉन्टला ते माहीतच नाही, म्हणून कधीकधी ‘ॲप’च्या जागी चौकोन दिसतो.

आता मला खरा राग कशाचा येतो ते सांगतो. ठाण्याच्या नौपाड्यातला फ्लेक्सवाला, कोरलड्रॉ आणि कुठल्या तरी जमान्यातले जुने फॉन्ट घेऊन बसलेला, दहीहंडीच्या आदल्या दिवशी पन्नास लोकांची गर्दी डोक्यावर असताना जे ‘शुभेच्छुक’ लिहितो त्यात एक रेघ तुटलेली नसते (खाली चेहरे किती, तो विषय वेगळा). आणि इकडे लाखांत पॅकेज घेणारी टीम, मॅकबुक, फिग्मा, डिझाइन सिस्टिम, सगळं असून वेलांटी कापते. फ्लेक्सवाला फार शिकलेला नसेल पण ‘च्छ’ फुटला तर गिऱ्हाईक तोंडावर फेकून मारेल हे त्याला माहीत असतं. आपल्या साइटवर फुटला तर कोणी तिकीटसुद्धा रेझ करत नाही, म्हणजे तक्रारही नोंदवत नाही.

आमच्याकडची पोरं ॲनिमेची वेडी आहेत, मला आवडतं ते. जपानी टायटलचं लेटरिंग, गेमचे मेन्यू, सबटायटलचा फॉन्ट, यावर तासन्तास बोलतात, पोर्टफोलिओत आवडत्या पात्राची फॅन साइट असते आणि ती खरंच देखणी असते. म्हणजे नजर आहे. मग त्यांना विचारतो कमल शेडगे माहीत आहेत का. नाही. अरे, मराठी नाटकांच्या जाहिरातीतली नावं त्या माणसाने अशी काढली की नाटक विनोदी का ऐतिहासिक ते अक्षरावरून कळायचं, २०२० ला गेले. सुलेखनकार अच्युत पालव तर आपल्या नवी मुंबईतलेच, २०२५ ला पद्मश्री जाहीर झाली त्यांना. विंडोजवर आपण वर्षानुवर्षं जो मंगल फॉन्ट बघितला तो र. कृ. जोशींचा, पवईच्या आयआयटीत शिकवायचे. मुक्ता आणि बलू हे फॉन्ट मुंबईच्याच एक टाइप या मंडळींनी केलेत, मुक्तात तर सात वजनं (बारीक ते जाड) आहेत, सगळं मोफत. सामान घरात आहे आणि आपण फॅन साइटला मराठी आवृत्ती करताना जो पहिला फॉन्ट सापडेल तो लावतो, हे मला पटत नाही.

‘काका पण मराठीला क्लायंट कुठेय?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तो चुकीचा नाही. महाप्यातलं बरंचसं काम बाहेरच्या देशांसाठी चालतं, तिथे देवनागरीचा संबंध नाही, मान्य. पण सहकारी बँका, महापालिकेची कामं, क्लास, दवाखाने, नाटकाची तिकिटं, बातम्या, हे सगळं मराठीतच वापरलं जातं ना? एका बँकेचं ॲप, नाव घेत नाही, आमच्या आईला मी मराठी करून दिलं आणि तिने दुसऱ्या दिवशी परत इंग्रजी करून मागितलं, म्हणे याच्यात वाचता येत नाही नीट. मग मीटिंगमध्ये कोणीतरी आकडा दाखवणार, बघा मराठी कोणी वापरतच नाही.

एआयचं म्हणाल तर लॉगिन पान, डॅशबोर्ड, कार्ड हे तो मिनिटात काढतो, त्या कामासाठी फ्रेशर घेणं कमी होणारच, उगाच धीर देत नाही मी. पण मी त्याच्याकडून मराठी पानं करून घेतली तेव्हा लँग ‘ईएन’च होतं आणि लाइन हाइट तीच आखूड. त्याला सांगितलं की तो दुरुस्त करतो, फक्त सांगणाऱ्याला आधी दिसायला पाहिजे. हे दिसणं ज्याच्याकडे आहे त्याने ते रेझ्युमेत लिहावं की, ‘देवनागरी टायपोग्राफी, मराठी लोकलायझेशन’, दोन ओळी. लोक तिथे एमएस ऑफिस लिहितात अजून.

बरं, आमच्या टीमला लवकरच दोन फ्रेशर घ्यायचेत, ऑफिस महापे, आठवड्यातून तीन दिवस यावं लागेल. इंटरव्ह्यूला ज्ञानदा नावाच्या मुलीचा प्रोफाइल गोल बनवायला देणार आहे. पेपर फुटला तरी चालेल.