जुना एमपी३ प्लेअर म्हणजे पेनड्राइव्ह नव्हे

सध्या एक मेसेज बराच फिरतोय. त्याचा आशय असा: ‘जुना एमपी३ प्लेअर टाकून देऊ नका, तो पेनड्राइव्हच आहे. कुठल्याही कॉम्प्युटरला लावा, हवी ती फाइल टाका, त्यातली गाणीही कॉपी करून घ्या. जागा कमी वाटली तर फॉरमॅट मारा. व्हायरस त्याला लागत नाही, त्यामुळे बॅकअपला उत्तम.’ यातलं ‘टाकून देऊ नका’ एवढं मान्य. बाकीचं एकेक घेऊ.

‘तो पेनड्राइव्हच आहे.’

काही प्लेअर आहेत, काही नाहीत. कॉम्प्युटरशी बोलण्याच्या त्यांच्या दोन तऱ्हा असतात. मास स्टोरेज, म्हणजे मेनूत दिसणारं एमएससी किंवा यूएमएस, यात प्लेअर आपली सगळी मेमरी कॉम्प्युटरच्या ताब्यात देतो. विंडोज त्याला ड्राइव्ह लेटर देतं आणि तेवढा वेळ प्लेअर बहुधा गाणी वाजवत नाही. इथे तो खरोखर पेनड्राइव्हसारखा वागतो.

दुसरी तऱ्हा एमटीपी. यात मेमरीचा ताबा प्लेअरकडेच राहतो, कॉम्प्युटर फक्त ‘ही फाइल दे, ही घे’ असं सांगतो. ड्राइव्ह लेटर मिळत नाही. एक्सेलची फाइल तिथल्या तिथे उघडून सेव्ह करायला गेलात तर जमत नाही. आधी ती कॉम्प्युटरवर उतरवायची, बदलायची आणि पुन्हा चढवायची. काही प्लेअर गाणी, फोटो, व्हिडिओ सोडून दुसरं काही घ्यायलाच नकार देतात. मॅकला एमटीपी आपणहून कळत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे केबल न लावता प्लेअरच्या सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी मोड’ शोधणं. सॅनडिस्कच्या सान्सा प्लेअरमध्ये तिथे ऑटो, एमटीपी आणि एमएससी असे पर्याय आहेत. त्यातला एमएससी निवडा. इथे एक खोच आहे. एमटीपीत टाकलेल्या फाइल्स एमएससीत कॉम्प्युटरला दिसत नाहीत, आणि उलटही तसंच. फाइल्स गायब, जागा मात्र भरलेली! लोक घाबरून इथेच फॉरमॅट मारतात. मोड पूर्ववत केला की सगळं जागेवर असतं.

आयपॉडची गोष्ट निराळी. २००१ सालच्या पहिल्या, ५ जीबीच्या आयपॉडपासूनच डिस्क म्हणून वापरायची सोय होती. त्यासाठी ॲपलच्या आयट्यून्स सॉफ्टवेअरमध्ये (नव्या मॅकवर फाइंडरमध्ये) एक खूण करावी लागते. आयपॉड टचला ती सोय नाही. मायक्रोसॉफ्टच्या झूनलाही नव्हती.

‘त्यातली गाणीही कॉपी करून घ्या.’

साध्या प्लेअरवर हे खरं आहे, आयपॉडवर अर्धवट. आयपॉड गाणी लपवलेल्या फोल्डरमध्ये, चार अक्षरांच्या निरर्थक नावांनी ठेवतो आणि कुठलं गाणं कुठे आहे याची नोंद वेगळ्या डेटाबेसमध्ये असते. फाइल्स बाहेर काढता येतात, नावं मात्र नंतर टॅगवरून, म्हणजे फाइलमध्येच नोंदलेल्या गाण्याच्या माहितीवरून, लावावी लागतात. उलट बाजूने, तुम्ही ओढून टाकलेलं गाणं आयपॉडवर फाइल म्हणून पडून राहतं. डेटाबेसमध्ये त्याची नोंद नाही, त्यामुळे ते वाजत नाही.

‘कुठल्याही कॉम्प्युटरला लावा.’

मॅकवर तयार केलेला आयपॉड एचएफएस प्लस या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइल्स मांडायच्या पद्धतीत) असतो, विंडोज तो आपणहून वाचत नाही. विंडोजवर तयार केलेला फॅट३२ मध्ये असतो, तो दोन्हीकडे चालतो. आणि प्लेअर नुसताच चार्ज होत असेल, कॉम्प्युटरला दिसतच नसेल, तर आधी केबल बदला. काही केबलींत डेटाच्या तारा नसतातच.

‘हवी ती फाइल टाका.’

बहुतेक प्लेअर फॅट३२ वर चालतात आणि फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीच्या आतच असावी लागते. प्लेअरमध्ये २० जीबी मोकळे असले तरी ५ जीबीचा व्हिडिओ ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणून परत येतो. उपाय सोपा आहे. ७-झिप या फाइल्सची गाठोडी बांधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल आर्काइव्ह करताना तुकडे पाडायच्या चौकटीत ‘४०९२एम – फॅट’ हा तयार पर्याय निवडा. पलीकडे सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवून पहिला उघडा.

दुसरी मर्यादा जुन्या, २ जीबीपर्यंतच्या फॅट१६ (फॅट३२ च्या आधीची पद्धत) प्लेअरची आहे आणि ती मराठी नावांना जास्त नडते. अशा प्लेअरच्या सगळ्यात वरच्या पातळीवर साधारणपणे ५१२ नोंदींचीच जागा असते. लांब नावाची फाइल एका नोंदीत मावत नाही: दर १३ खुणांना एक नोंद, वर छोट्या नावाची आणखी एक. खुणा म्हणजे डोळ्याला दिसणारी अक्षरं नव्हेत. ‘स्वातंत्र्य’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पण काना, अनुस्वार, हलन्त सगळे सुटे मोजले की ११ खुणा होतात. ४० खुणांचं नाव पाच नोंदी खातं, म्हणजे शंभरेक फाइल्सनंतर ‘डिस्क भरली’ असं येतं, मेमरी अर्धी रिकामी असली तरी. एक फोल्डर करून सगळं त्यात टाका, ही मर्यादा फक्त वरच्या पातळीला आहे. प्लेअरच्या पडद्यावर मराठी नावांच्या जागी चौकोन दिसले तर तो फाँटचा प्रश्न, फाइल शाबूत असते.

‘जागा कमी वाटली तर फॉरमॅट मारा.’

सगळ्या मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच. ८ जीबीच्या प्लेअरवर विंडोज सुमारे ७.४५ दाखवतं, कारण बनवणारे १००० ने मोजतात आणि विंडोज १०२४ ने. फॉरमॅट करून तो फरक भरून निघत नाही. घाईत एनटीएफएस किंवा एक्सफॅट ही दुसरी फाइल सिस्टिम निवडली गेली तर बऱ्याच प्लेअरना स्वतःचीच मेमरी ओळखता येत नाही. पार्टिशनच (डिस्कवर आखलेला कप्पा) उडवलं तर आणखी वाईट. आयपॉडचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच डिस्कवरच्या वेगळ्या पार्टिशनमध्ये असतं, मग रिस्टोअर केल्याशिवाय तो चालू होत नाही. फॉरमॅट करायचंच असेल तर प्लेअरच्या स्वतःच्या मेनूतून करा.

नाव नसलेल्या स्वस्त प्लेअरमध्ये मुळात क्षमताच खोटी असू शकते. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ हा तपासणीचा प्रोग्रॅम मोकळी जागा भरून परत वाचतो. खोटेपणा असला तर तिथे उघडा पडतो.

‘व्हायरस लागत नाही.’

विंडोजचा व्हायरस प्लेअरवर चालत नाही हे खरं. पण चालायची त्याला गरजच नाही, पुढच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचलं की झालं. २००६ मध्ये खुद्द ॲपलने कबूल केलं होतं की काही व्हिडिओ आयपॉड कारखान्यातूनच विंडोजचा व्हायरस घेऊन बाहेर पडले. एमएससीमधला प्लेअर या बाबतीत पेनड्राइव्हइतकाच निष्पाप! अचानक फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसले तर त्यावर क्लिक न करता आधी स्कॅन करा.

‘बॅकअपला उत्तम.’

नाही. बॅटरी पार गेली की काही प्लेअर केबल लावूनही जागे होत नाहीत. फ्लॅश मेमरीतला विद्युतभार वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर झिरपतो, आणि जुन्या आयपॉडमध्ये तर १.८ इंची फिरती हार्डडिस्क आहे, एक आपट पुरते. प्लेअर हरवला तर सापडणाऱ्याला सगळं उघडं. खासगी कागदपत्रं ७-झिपमध्ये एईएस-२५६ या एन्क्रिप्शनचा (मजकूर कुलूपबंद करायच्या पद्धतीचा) पासवर्ड लावून आणि फाइलनावंही एन्क्रिप्ट करायची खूण करूनच ठेवा.

इकडून तिकडे नेण्यापुरता मात्र तो चांगला आहे. शेकडो बारक्या फाइल्स असतील तर ‘स्टोअर’ (न दाबता नुसतं एकत्र बांधणं) निवडून त्यांचं एकच आर्काइव्ह करा. प्रत्येक फाइलमागे फॅटमध्ये नोंद करण्यात जाणारा वेळ वाचतो. कॉपीची पट्टी भरली म्हणून केबल ओढू नका, डेटा अजून कॉम्प्युटरच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, असू शकतो. ‘सेफली रिमूव्ह’ करा, केबल काढा, पुन्हा लावा आणि मग मूळ फाइल व प्लेअरवरची फाइल या दोन्हींवर ७-झिपच्या राइट-क्लिक मेनूतून एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, तिच्या ठशासारखा आकडा) काढून जुळवा. केबल न काढता तपासलंत तर वाचली जाते ती बहुधा कॅशमधली प्रत, प्लेअरवरची नव्हे.