परसातले हायलँड गेम्स

स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावचे हायलँड गेम्स, म्हणजे तिथले पारंपरिक मैदानी खेळ, भरतात सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी आणि आमचे पाहुणे टपकतात जुलैअखेर. १८४८ साली खुद्द राणी व्हिक्टोरिया तिथे गेली होती, राजघराणं अजूनही जातं. पण आमच्या भाऊजींच्या रजेसाठी तारीख कोण बदलणार? पोरं हिरमुसली. मग ॲबर्डीनच्या आमच्या परसातच गेम्स घ्यायचे ठरले. ठरवले ह्यांनी, घेतले मी.

ब्रेमारचा केबर म्हणजे उचलून फेकायचा सहा मीटर लांब, साठ किलोचा ओंडका. आमचा केबर म्हणजे कार्पेटच्या दुकानातून फुकट आणलेली पुठ्ठ्याची नळी. फेकायचा हातोडा म्हणून ह्यांच्या मोज्यात तांदूळ भरून दोरी बांधली. (तुकडा तांदूळ. सासूबाईंच्या देखत बासमती भिरकावायची माझी छाती नव्हती.) किल्टच्या, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या चौकडीच्या घागऱ्याच्या, जागी सासऱ्यांच्या चौकडीच्या लुंग्या, दुमडून, पिना टोचून.

केबरची गोम अशी, की तो किती लांब गेला याला काडीची किंमत नाही. उभा धरून धावायचं आणि असा उडवायचा, की वरचं टोक आधी जमिनीला टेकावं, ओंडका उलटावा आणि फेकणाऱ्याच्या नाकासमोर सरळ पडावा. घड्याळात बारावर काटा असतो तसा. पोरांना हे लगेच कळलं. अडलं आईबापांचं. भाऊजी तर मेजरिंग टेप घेऊनच उतरले.

"वहिनी, आमच्या पिल्लाचा साडेतीन मीटर गेला!"

"भाऊजी, पण तिरका पडलाय. दोनवर."

"अहो, पण लांब गेलाय ना!"

जाऊबाईंनी तेवढ्यात स्लो मोशनचा व्हिडिओ पुढे केला. त्यात केबर कमी आणि त्यांचा अंगठाच जास्त दिसत होता. पंच म्हणून शाल पांघरून बसलेल्या सासूबाईंचा निकाल तयारच होता: "सगळ्यांचे सरळच पडले गं." तेव्हा निम्म्या पोरांनी केबरला हातसुद्धा लावला नव्हता.

रस्सीखेच नावापुरती मुलांची. पाहता पाहता पोरं बाजूला आणि दोर बापांच्या हातात. दोर कसला, माझी कपडे वाळत घालायची दोरी! ती तुटली आणि दोन्हीकडचे बाप भिजल्या गवतात उताणे झाले. ह्यांच्यासकट सगळे वेडेवाकडे, भाऊजी तेवढे काटकोनात. डोकं बरोब्बर बारावर, पाय सहावर. पोरांनी क्षणाचाही विचार न करता केबरचं पहिलं बक्षीस त्यांना देऊन टाकलं.