पाळीबद्दल विचारणारं कुणी हवं

२०२४च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकला कुस्तीगीर विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. त्या आठवड्यात फोंड्याच्या आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसरात्र वाद पेटला होता. नियम क्रूर आहे का, प्रशिक्षक काय करत होते, यात कुणाचा हात तर नाही ना. मी नॉर्वेत, ट्रॉनहाइमला राहते. इथून ते सगळं वाचत होते. वजन उतरवायला तिने रात्रभर घाम गाळला, शेवटी केसही कापले, हे पथकाच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तरी आधी ५३ किलो गटात खेळणाऱ्या बाईला ५० किलोवर आणताना तिच्या अंगावर आणि मनावर काय बेतत असेल, हे कुणी विचारलं नाही. हळहळ सगळी पदकाची होती.

इथे २०२१मध्ये मारेन लुंडबी ही स्की-जंपर टीव्हीवर रडत रडत बोलली. २०१८ची ऑलिंपिक विजेती, २०२१ची जगज्जेती. माझं शरीर बदललंय, वजन वाढलंय, ते घाईने उतरवायला मी वाटेल ते करणार नाही, म्हणून बीजिंगच्या ऑलिंपिकला नसेन, असं तिने सांगून टाकलं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बरेच दिवस हाच विषय होता. तिने कच खाल्ली असं म्हणणारं मला तरी कुणी भेटलं नाही.

नॉर्वेत सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. इंगविल्ड फ्लुगस्टाड एस्टबर्ग २०१९च्या सुरुवातीला टूर द स्की ही बर्फावरच्या स्कीइंग शर्यतींची मालिका जिंकली आणि त्याच वर्षी, आरोग्याच्या अटी पूर्ण होत नाहीत म्हणून, तिला स्पर्धेपासून थांबवण्यात आलं. आपल्याला खाण्याचा विकार होता हे पुढे तिनेच सांगितलं. अशी बातमी झाली की सगळा देश त्या एका मुलीच्या शरीराकडे टक लावून बघतो, आणि ते मला फार खटकतं. पण शर्यतीत उतरण्याइतकी ती धडधाकट आहे का, हे ठरवायचा अधिकार प्रशिक्षकाच्या हातात नव्हता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

माझी भाची गोव्यात ८०० मीटर धावायची. मी मे महिन्यात घरी गेले होते तेव्हा तिचं जेवण बघितलं. मूठभर भात ती बोटांनी ताटभर पसरायची आणि हुमणातला माशाचा तुकडा हळूच भावाच्या ताटात सरकवायची. पुढे श्रावण आला. सोमवार, एकादशी, संकष्टी, असे तिचे उपवास वाढत गेले आणि घरात कौतुक होत गेलं. आजी तेवढी म्हणायची, ‘जेव गो बाय.’ ग्राउंडवर सरांनी सांगितलेलं, वजन उतरलं की टायमिंग उतरतं. काही आठवडे ते खरंच उतरलं. मग नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली. कित्येक महिने तिला पाळीच आली नव्हती, हे ताईला तेव्हा कळलं. मैदानावरच्या बाकीच्या मुली म्हणायच्या, बरंच झालं, कटकट गेली.

ती कटकट जाणं हीच धोक्याची खूण आहे. व्यायामात खर्च होतं तेवढं पोटात गेलं नाही तर शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडं ठिसूळ होतात, झोप उडते, चिडचिड आणि उदासी वाढते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने यावर २०१४मध्ये पत्रक काढलं आणि २०२३मध्ये ते सुधारून पुन्हा काढलं. उदासीमुळे खाणं तुटतं आणि खाणं तुटल्याने उदासी वाढते, असं दोन्ही बाजूंनी चालतं, हेही त्यात आहे.

घरचे म्हणतात, हे श्रीमंत देशांचे लाड. मला ते अजिबात पटत नाही. सांग्याहून पहिली कदंब बस धरून, नुसत्या चहावर सरावाला येणारी मुलगी वजनाच्या धास्तीने उपाशी नसते, तिला वेळेवर खायलाच मिळालेलं नसतं. शरीराला कारण कळत नाही. तिचंही हाड तसंच चिरतं. उलट आपल्याकडे हा प्रश्न मोठा आहे, कारण त्याच्या दोन वाटा आहेत.

२०२३च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी गोव्याने मैदानं सजवली. ॲथलेटिक्सचं स्टेडियम बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेज बांबोळीला, मानसोपचाराची सरकारी संस्थाही बांबोळीलाच. शिवाय ‘संगाथ’ ही संस्था १९९६पासून गोव्यात काम करते. डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या स्थानिक माणसांनी समुपदेशन केलं तरी नैराश्याच्या रुग्णांना गुण येतो, हे तिने इथल्याच सरकारी आरोग्य केंद्रांतून दाखवलं. तो अभ्यास २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. म्हणजे मैदानावर बसून मुलींशी बोलणारी बाई तयार कशी करायची, हे शिकायला नॉर्वेला यायची गरज नाही.

राज्याच्या संघात निवड करताना प्रत्येक मुलीला डॉक्टरबाईंनी पाळी, खाणं, झोप आणि मन यांबद्दल विचारावं. सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं करणं बंद व्हावं. गोव्यात जो तो एकमेकांना ओळखतो, म्हणून सरांकडे ‘खेळू शकते’ किंवा ‘सध्या नाही’ एवढंच जावं, बाकीचा कागद डॉक्टरांकडे राहावा. आणि जिला थांबवलं तिची संघातली जागा आणि शिष्यवृत्ती ती बरी होईपर्यंत राखून ठेवावी. एवढी हमी नसेल तर कुठलीही मुलगी खरं सांगणार नाही. माझ्या भाचीनेही सांगितलं नसतं.