५३३ पायऱ्या आणि एक काका

जर्मनीतल्या कोलोनचं कॅथेड्रल म्हटलं की लोकांना गॉथिक कमानी आठवतात, येशूच्या जन्मकथेतल्या तीन राजांच्या अस्थींची सोनेरी पेटी आठवते, १५७ मीटर उंचीचे जुळे मनोरे आठवतात. मला एका काकांची पँट आठवते. चारेकशे पायऱ्या ती माझ्या नाकासमोर होती.

दक्षिणेकडच्या मनोऱ्यावर पर्यटकांना लिफ्ट नाही. ५३३ दगडी पायऱ्या, अरुंद, गोल गोल. समोरून कुणी उतरायला लागलं की भिंतीला पालीसारखं चिकटायचं. हे सगळं मी आधी वाचलं होतं. वाचून धाप लागत नाही, एवढाच फरक.

पुढे काका-काकू. काका मोठ्याने पायऱ्या मोजत होते, मराठीत. परदेशात मराठी कानावर पडलं की मला भरून येतं. एकाहत्तराव्या पायरीपर्यंत येत होतं.

"अगं, मागचा ढोल्या बघितलास? कुकरसारखा फुसफुसतोय."

"हळू बोला हो, ऐकेल तो."

"त्याला काय कळतंय! मेक्सिकन दिसतोय. हा इथे अडकला ना, तर खालची सगळी लाइन तुंबेल. पंचावन्न, छप्पन्न..."

त्याच क्षणी मराठीत खणखणीत काहीतरी सुनवायला हवं होतं. पण सुनवायला श्वास लागतो. नंतर लाज वाटायला लागली, आणि मी खरोखरच मेक्सिकन असल्यासारखा गप्प चढत राहिलो.

वाटेत घंटाघर लागतं. तिथली मोठी घंटा २४ टनांची, १९२३ साली ओतलेली. काकांनी घंटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. बोलले असते तर परवडलं असतं.

आणि मी म्हणतो, थांबण्यात लाजण्यासारखं काय आहे? या लोकांनी १२४८ साली बांधकाम सुरू केलं, सोळाव्या शतकात सोडून दिलं, ते थेट १८४२ साली पुन्हा हातात घेतलं आणि १८८० साली संपवलं. मधली सगळी शतकं याच अर्धवट मनोऱ्यावर एक लाकडी क्रेन तशीच उभी होती. त्यांनी पावणेतीनशेहून जास्त वर्षं दम खाल्ला तर तो इतिहास. मी दोन मिनिटं खाल्ला तर ढोल्या!

वर, साधारण ९७ मीटरांवर, वारा होता, ऱ्हाईन होती, जाळीतून दिसणारं शहर होतं. "फक्त चारशे ऐंशी!" काकांनी जाहीर केलं. "उगाच ५३३ सांगून घाबरवतात." मग माझ्यापुढे मोबाइल आला. "एक्स्क्यूज मी, फोटो प्लीज?"

फोटो काढताना तोंडातून निघून गेलं, "काकू, जरा डावीकडे सरका."

काकूंनी तोंडावर पदर घेतला. काकांना मात्र तिळमात्र संकोच नाही. "अरे, मराठी! मग मघापासून गप्प का? आम्ही नवरा-बायको आपापसात बोलतोय आणि तुम्ही चोरून ऐकताय? शोभतं का हे?"

मी, देवाशपथ, "सॉरी" म्हणालो. हे मला अजून झोपू देत नाही.

उतरायची वेळ झाली तसा काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता तुम्ही पुढे व्हा. आमचा पाय घसरलाच, तर अडवायला कुणीतरी भक्कम पाहिजे."

झालो पुढे.