सहा चौकटी, एक लेबल

‘तिकडे कायदा कडक आहे म्हणून जमतं. आपल्याकडे कोण विचारतो?’ भारतात सॉफ्टवेअर करणाऱ्या मित्रमंडळींशी सुगम्य, म्हणजे अंध-अपंगांनाही वापरता येतील अशा, ऑनलाइन फॉर्मबद्दल बोलताना हे वाक्य हमखास येतं. खरं तर ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. केवायसीसाठी डोळे मिचकावून दाखवण्याची अट ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्तींना बाहेर ठेवते, हे त्या खटल्याचं मूळ होतं. तरी ‘निकाल आला, पुढे काय?’ हा वाद मिटलेला नाही.

मी जर्मनीत फॉर्म बनवते. इथे २८ जून २०२५पासून युरोपीय सुगम्यता कायदा लागू आहे. त्याने काय दिलं? वेळ. ‘पुढच्या रिलीजला बघू’ म्हणून मागे पडणारी कामं वेळापत्रकात आली. मित्रांचं तेवढं म्हणणं मला मान्य आहे. पण चौकटीचं लेबल, म्हणजे तिथे काय भरायचं ते सांगणारा मजकूर, कायदा येऊन लिहीत नाही.

गेल्या महिन्यात भारतातल्या एका सेवेचा फॉर्म मी स्क्रीन बंद करून, एनव्हीडीए या स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आवाजावर भरायला घेतला. टॅब. ‘एडिट, ब्लँक.’ टॅब. ‘एडिट, ब्लँक.’ म्हणजे नुसत्या रिकाम्या चौकटी. नाव कुठलं, मोबाइल कुठला, काही कळेना. डोळ्यांना ‘मोबाइल क्रमांक’ दिसतो, पण कोडमध्ये तो मजकूर इनपुटशी, म्हणजे भरायच्या चौकटीशी, जोडलेलाच नाही. कोडमध्ये लेबलच्या ‘फॉर’ या गुणधर्मात त्या इनपुटचा आयडी घातला असता तर भागलं असतं. चूक झाली की चौकट फक्त लाल होते, आवाजात अक्षरही नाही. पान मराठी, पण कोडमध्ये भाषा इंग्रजी नोंदवलेली, म्हणजे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला चुकीची भाषा सांगितलेली. आणि ओटीपीला सहा सुट्या चौकटी, पेस्ट बंद, वर उलटी मोजणी चालू. मी चौथ्या चौकटीत असताना वेळ संपली.

मला राग आला, आणि लाजही वाटली. कारण अशाच सहा चौकटी आमच्याही फॉर्मवर होत्या, कायदा लागू झाल्यानंतरही. आमच्या अंध सहकाऱ्याने दाखवल्या तेव्हा कळलं. त्यांच्या जागी लेबल असलेलं एकच इनपुट ठेवलं, आलेला ओटीपी आपोआप सुचवला जावा म्हणून ऑटोकम्प्लीटला ‘वन-टाइम-कोड’ दिलं, पेस्ट चालू केलं, चूक सांगणारा संदेश आवाजातही यावा म्हणून ‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’ने इनपुटला बांधला. एका दुपारचं काम. तो कंपोनंट, म्हणजे फॉर्मचा तो तयार तुकडा, जिथे जिथे वापरला होता, तिथे सगळीकडे दुरुस्ती आपोआप पोहोचली. त्या दुपारी मला कुठल्याही कायद्याचं कलम उघडावं लागलं नाही.